प्रिसिला आत्याचं मागणं

बेथेलवाडीत कोंबडा आरवायच्या आधी एक आवाज उठायचा, आणि तो प्रिसिला आत्याचा असायचा.

"रिबके, चहा पाणचट झालाय."

रिबका चहात गूळ घालायची.

"आता गोडमिट्ट झालाय."

रिबका त्यात दूध घालायची.

"आता बरा आहे," आत्या म्हणायची, "पण गार झालाय."

रिबका होती अकरा-बारा वर्षांची. काडीसारखी बारीक, डोळे जांभळासारखे काळेभोर, आणि अंगात एकच झगा. त्या झग्याला इतकी रंगीबेरंगी ठिगळं होती, की मूळ कापड कुठलं हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. तिचे आईबाबा ती अगदी लहान असतानाच प्रभूकडे गेले. तेव्हापासून ती आत्याकडे राहायची. घर म्हणजे एक खोली आणि पुढे एवढासा ओटा. वरच्या पत्र्याला बारीक बारीक भोकं होती. दुपारी त्यांतून ऊन गळायचं आणि जमिनीवर सोनेरी टिकल्या पडायच्या. रिबका एका टिकलीवरून दुसरीवर उड्या मारायची. गरिबीतली तिची ही एक चैन होती.

बाकी वेळ काम. दूरच्या विहिरीवरून पाणी आणायचं, सरपण गोळा करायचं, भाकरी थापायच्या. आत्याचे गुडघे कुरकुरायचे आणि आत्याही कुरकुरायची, त्यामुळे ती दिवसभर ओट्यावरच्या बाजेवर बसून असायची. खरं तर ही आत्या एके काळी मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकीण होती, आणि तिच्या हातची आमटी दोन-दोनदा मागून घ्यायला मुली रांग लावायच्या.

"किती पोरी माझ्या हातचं खाऊन मोठ्या झाल्या," आत्या म्हणायची. "कोणी नर्स झाली, कोणी शाळेत बाई झाली. एकीने तरी येऊन विचारलं का, प्रिसिलाबाई, कशा आहात म्हणून?"

एकदा चर्चमध्ये पाळकसाहेब सांगत होते, प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, पण आभार मानायला त्यांतला एकच परत आला. सगळी मंडळी शांत बसून ऐकत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून आत्याचा आवाज आला, "त्यांना एक तरी मिळाला."

रिबकाला मात्र मनातून एकच गोष्ट हवी होती. बाजरी घरात आली की वाडीत कापणीचा सण होई. त्या दिवशी चर्चमध्ये कणसांची तोरणं लागत, सगळी मंडळी देवाचे उपकार मानत आणि गायनमंडळ गाणी म्हणे. गायनमंडळाच्या याकोब मास्तरांनी रिबकाला विहिरीवर गुणगुणताना ऐकलं होतं. ते म्हणाले होते, "पोरी, यंदा एक कडवं तू एकटीने म्हणायचं. रोज दिवेलागणीला तालमीला ये."

पण दिवेलागण म्हणजे भाकरीची वेळ. रिबकाने भीत भीत आत्याला विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "गाऊन पोट भरतं होय?" रिबका पीठ मळायला बसली.

वाडीच्या टोकाला एका जुन्या बंगल्याची बाग होती. माणसं केव्हाच गेली होती, पण बागेला ते कोणी कळवलं नसावं. तिथे गुलबक्षी फुलायची, बोगनवेल गुलाबी गुलाबी होऊन भिंतीवरून ओसंडायची, आणि पेरूच्या झाडांवर हिरवे पोपट हिरव्या पानांत लपंडाव खेळायचे. एका दुपारी विहिरीवरून येताना, डोक्यावर भरलेली कळशी घेऊन, रिबका सरपण वेचायला त्या बागेत शिरली.

"माफ करा," कोणीतरी म्हणालं. "इकडे जरा लक्ष द्याल का? मी सकाळपासून हाक मारतेय."

रिबकाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोर बाभळीच्या खोडावर डिंकाचा मोठा थेंब आला होता, मधाच्या रंगाचा, उन्हात चमचमणारा. आणि त्या थेंबाला एक इवलीशी परी चिकटली होती. अंगठ्याएवढी. डाळिंबाच्या फुलाचा लालचुटुक झगा, मक्याच्या कणसासारखे रेशमी केस. एक पंख मोकळा होता आणि रागाने फडफडत होता. दुसरा डिंकात पार रुतला होता.

"ओढू नकोस," परी घाईने म्हणाली. "एका मुंगळ्याने ओढून पाहिलं. त्याचा हेतू चांगला होता, पण मला फार लागलं."

रिबकाने कळशी खाली ठेवली. उन्हाने तापलेल्या दगडाच्या खळग्यात तिने थोडं पाणी ओतलं, ते कोमट होऊ दिलं, झग्याचं टोक त्यात बुडवलं आणि हळूहळू डिंक पुसायला घेतला. पाणी संपलं की आणखी ओतायची. पंखाची एकेक शीर मोकळी होत गेली, आणि तिच्यातून आधी निळा, मग मोरपंखी, मग सोनेरी रंग उजळत गेला. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा कळशीत थेंब उरला नव्हता.

"पाणी संपलं की तुझं," परी म्हणाली.

"पुन्हा आणीन."

"विहीर लांब आहे का?"

"तशी लांबच आहे," रिबका म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "तू देवदूत आहेस का?"

परी खुदकन हसली. "नाही गं. देवदूत कधी डिंकाला चिकटतात का? मी बागेतली साधी परी आहे. माझं नाव लुकलुकी. ज्याने हा पेरू केला, त्यानेच मला केलं. आता मी तुझी ऋणी आहे, म्हणजे तुझ्या तीन इच्छा मला पुऱ्या करायला हव्यात. पण नियम आहेत."

तिने घसा खाकरला आणि दोन्ही हात मागे बांधले. शाळेत कविता म्हणायला मुलं उभी राहतात तशी.

"मागेल त्याने स्वतःसाठी मागायचं नाही, दुसऱ्यासाठी मागायचं. आणि कोणाचं मन बदलून दे म्हणायचं नाही. गुडघे, घरं, म्हशी, असलं सगळं मला जमतं. मन मात्र ज्याचं त्यालाच बदलावं लागतं."

रिबकाला फार विचार करावा लागला नाही. "मग माझ्या आत्याचे गुडघे बरे कर."

लुकलुकीने टाळी वाजवली. एक पिवळीधमक ठिणगी उडाली आणि पेरूच्या झाडांवरून वाडीकडे गेली.

रिबका पुन्हा विहिरीवर जाऊन धावत घरी आली. दारात आत्या उभी होती. काठी नव्हती, भिंतीला हात नव्हता. ताठ उभी.

"एक कळशी आणायला इतका वेळ?" आत्या म्हणाली.

"आत्या, तुझे गुडघे."

आत्याने खाली पाहिलं. एक पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. रिबका श्वास रोखून पाहत होती.

"हं," आत्या म्हणाली. "आता बरे झाले. तरुणपणी बरे झाले असते तर काही उपयोग तरी होता."

आणि तिने चपला घातल्या.

इतकी वर्षं आत्याची कुरकुर एका ओट्यावर मावत होती. आता ती वाडीभर हिंडू लागली. शेजारच्या मार्थाकाकूच्या लोणच्यात मीठ जास्त निघालं. चर्चच्या बाकांवर धूळ निघाली. याकोब मास्तर पेटी वाजवत होते, तिथे आत्या खिडकीत थांबली आणि म्हणाली, "मास्तर, ही पेटी वाजतेय की कोणी घोरतंय?" मास्तरांना त्यानंतर दोन दिवस सूर सापडला नाही.

मार्थाकाकूने रिबकाला विहिरीवर गाठलं. "पोरी, तुझ्या आत्याचे गुडघे बरे झाले, प्रभूची स्तुती असो," ती म्हणाली. मग इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला. "पण अधूनमधून, अगदी थोडेसे, दुखायला काय हरकत होती?"

रिबका बागेत गेली आणि लुकलुकीला म्हणाली, "आमच्या ओट्यापुढे आत्यासाठी एक बाग कर. म्हणजे ती बागेत रमेल, घरी थांबेल आणि वाडीलाही विसावा मिळेल."

या वेळी ठिणगी हिरवीगार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापुढच्या खडकाळ जागेत फुलंच फुलं होती. पिवळी शेवंती, केशरी झेंडू, जांभळी गोकर्ण, आणि कुंपणावर जाईच्या पांढऱ्याशुभ्र चांदण्या. फुलपाखरं तर इतकी, की हवाच भिरभिरतेय असं वाटावं. शाळेत जाणारी मुलं बघत उभी राहिली आणि सगळ्यांना उशीर झाला.

आत्या बाहेर आली. तिने बागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"एवढी जागा होती," ती म्हणाली, "मेथीची एक काडी लावली नाही कोणी."

त्यातून बागेला पाणी लागतं. शेवंतीला सकाळी लागतं, झेंडूला संध्याकाळी लागतं, आणि परीने लावलेली जाई मागेल तेव्हा लागतं. आधी रिबका विहिरीवर दोनदा जायची, आता तिच्या खेपा मोजण्यापलीकडे गेल्या. सण जवळ येत चालला होता. दिवेलागणीला चर्चकडून तालमीचे सूर यायचे आणि रिबका परातीतल्या पिठात हात घालून ऐकत बसायची. एका संध्याकाळी तर पीठ मळता मळताच तिला झोप लागली. उठली तेव्हा एक गाल पांढराफेक होता.

दुसऱ्या दिवशी ती बंगल्याच्या बागेत गेली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"लुकलुकी, मी दोनदा चांगलंच मागितलं ना?"

"अगदी चांगलं मागितलंस."

"मग आत्याला एकदाही बरं का वाटलं नाही? तिला आनंदी करता येत नाही का तुला?"

लुकलुकी पेरूच्या पानावर बसून पाय हलवत होती. ती थांबली. "ते मन झालं गं. मन माझ्याकडे नाही."

रिबकाने बराच वेळ विचार केला. "मग तिसरी इच्छा तू आत्यालाच दे. तिला काय हवं ते तीच मागेल. म्हणजे निदान ते तिच्या मनासारखं तरी होईल."

"देते," परी म्हणाली. "पण नियम तिलाही लागू हं."

लुकलुकी रिबकाच्या खांद्यावर बसून घरी आली. आत्या शेवंतीवरच्या एका मधमाशीला काहीतरी ऐकवत होती. परीला पाहून ती घाबरली नाही. आत्या मुळात कशालाच घाबरायची नाही.

"एवढ्या पातळ कपड्यात हिंडतेस," ती म्हणाली. "थंडी बाधेल."

लुकलुकीने इच्छेची गोष्ट सांगितली. आत्याने पदर खोचला, बाजेवर बैठक मारली आणि बोलायला सुरुवात केली. "नवा पत्रा. दुभती म्हैस, पण शांत स्वभावाची. तांब्याचा बंब. दाराला नवी कडी."

"बाई," लुकलुकी नम्रपणे म्हणाली, "स्वतःसाठी मागायचं नाही. दुसऱ्यासाठी मागायचं."

आत्याचा हात हवेतच राहिला. "दुसऱ्यासाठी म्हणजे कोणासाठी?"

"तुम्ही म्हणाल त्याच्यासाठी."

आत्याने आजूबाजूला पाहिलं. तिथे एक मधमाशी होती आणि रिबका होती.

"बरं, हिच्यासाठी," आत्या म्हणाली. "हिला काय हवंय?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मागणाऱ्याला ठाऊक हवं. आणि तिला विचारायचं नाही. तिने सांगितलं तर ते तिचंच मागणं होईल."

आत्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. प्रिसिला आत्याला शब्द सापडला नाही, असं रिबका पहिल्यांदाच पाहत होती. ही पोर इतकी वर्षं आपल्या घरात आहे आणि तिला काय हवंय ते आपल्याला माहीत नाही, हे आत्याला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिचे कान लाल झाले.

"नंतर सांगते," ती म्हणाली आणि घरात गेली.

त्यानंतर विचित्र दिवस सुरू झाले. रिबका विहिरीवर निघाली की मागे चपला वाजायच्या. तिने वळून पाहिलं की आत्या लिंबाच्या झाडामागे लपायची. झाड बारीक होतं आणि आत्या नव्हती.

"आत्या, काय करतेस?"

"झाड बघतेय. मी झाड बघायचं नाही का?"

विहिरीवर आत्याने रिबकाच्या हातातली भरलेली बादली घेऊन पाहिली. दोन पावलं चालली आणि खाली ठेवली. "ही एवढी जड कधीपासून झाली?" तिने विचारलं. रिबका म्हणाली, "पहिल्यापासून एवढीच आहे." रात्री जेवताना रिबकाने नेहमीप्रमाणे करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली, तर आत्याने ती उचलून आपल्याकडे ओढली. "मला करपलेलीच आवडते," ती म्हणाली, आणि मोठ्या कष्टाने ती चावत बसली. चहा पाणचट झाला तरी बोलली नाही. आत्याला ताप आला असावा असं वाटून रिबकाने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग एका दिवेलागणीला रिबका चुलीपाशी पीठ मळत होती. चर्चकडून पेटीचे सूर आले. तिच्याही नकळत तिच्या ओठांवर ते गाणं आलं, अगदी हळू, चुलीतल्या निखाऱ्यांनाच ऐकू जावं एवढं. गाता गाता तिने मान वर केली. दारात आत्या उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

आत्या आत आली आणि तिने परात आपल्याकडे ओढली.

"ऊठ. तुझं पीठ सैल आहे. भाकऱ्या मी करते."

"आणि मी काय करू?"

"तू जा."

"कुठे?"

"तुझे कान गेलेत तिथे," आत्या म्हणाली.

रिबका धावली. तिचे पिठाचे हातसुद्धा धुवायचे राहिले, आणि याकोब मास्तरांच्या पेटीवर त्या संध्याकाळी पांढरी बोटं उमटली.

लुकलुकी उंबरठ्यावर वाट पाहत बसली होती. "काय मागायचं ते कळलं ना, बाई?" तिने विचारलं.

"कळलं. पण चार भाकऱ्या थापायला परी कशाला लागते?" आत्या म्हणाली. "तुझी इच्छा ठेव तुझ्यापाशी."

तर असं सगळं छान चाललं होतं, आणि आत्याने ते आणखी छान करायला घेतलं. इतक्या वर्षांनी तिचे हात परातीत गेले होते. आता ते थांबेनात. गाणाऱ्या पोरीच्या अंगात बळ हवं, म्हणून सकाळी दहीभात. मग चिंचेचं सार. दुपारी पेरू, मीठ लावून. मार्थाकाकूकडून आणलेली आंबट-गोड बोरं. वर पुन्हा दही, कारण ते उरलं होतं. रिबकाने नाही म्हटलं नाही. इतक्या प्रेमाने तिला कोणी वाढलंच नव्हतं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी ती तालमीला उभी राहिली, तिने तोंड उघडलं, आणि आतून तेल न घातलेल्या रहाटाचा आवाज आला.

याकोब मास्तर पेटीवर डोकं टेकवून बसले.

आत्याने हळद-दूध दिलं. ज्येष्ठमध दिलं. ओव्याच्या पुरचुंडीने गळा शेकला, त्याला लोकरी मफलर गुंडाळला. सकाळपर्यंत रहाटाचाही आवाज गेला होता. रिबका नुसतेच ओठ हलवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आत्याला वाईट वाटू नये म्हणून ती हसत होती, आणि तेच आत्याला बघवेना.

"चल," आत्या म्हणाली.

बंगल्याच्या बागेत दव पडलं होतं. गवताच्या प्रत्येक पात्यावर एकेक हिरा होता. पेरूच्या फांदीवर लुकलुकी पंख वाळवत बसली होती.

"माझी इच्छा दे," आत्या म्हणाली. "हिचा आवाज परत आण. नाही तर वाडीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सगळे म्हणतील, प्रिसिलेने दही घालून पोरीचा गळा बसवला."

लुकलुकीने टाळी वाजवली. एक करडा धूर निघाला आणि लुकलुकीला शिंक आली. बाकी काही झालं नाही.

"यात तुम्ही स्वतः आहात, बाई," परी हळूच म्हणाली. "तुमचं तोंड, तुमचं नाव. असं चालत नाही."

पदराचं टोक आत्याने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. रिबकाने मफलरमधून मान हलवून सांगितलं, राहू दे, काही हरकत नाही.

"मला असं मागायची सवय नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा पुष्कळ लहान झाला होता. "हिला गायचंय. चुलीपाशी गात होती, तेव्हा हिचा चेहरा मी पाहिला. तेवढं हिला मिळू दे. लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत. मी चर्चमध्ये नसले तरी चालेल. आज सगळ्या मंडळीचं प्रीतिभोजन आहे, मी मागे चुलीवर राहीन. मला ऐकायला मिळालं नाही तरी चालेल. हिला गाऊ दे."

ठिणगी उडाली. तिच्यात पिवळा होता, हिरवा होता, गुलाबी होता, आणि ज्याला अजून कोणी नाव ठेवलेलं नाही असाही एक रंग होता. ती रिबकाच्या गळ्याशी येऊन विरघळली.

"गाऊन बघ," लुकलुकी म्हणाली.

पण रिबका गायली नाही. तिने मफलर काढला आणि आत्याकडे वळली. त्या रात्री करपलेली भाकरी चावणारी आत्या तिला आठवली. त्याही आधीची, आईबाबा गेल्यावर एका रडणाऱ्या पोरीला खांद्यावर घेऊन घरी आणणारी आत्या आठवली. त्या दिवशीही तिने रिबकाला काहीतरी खाऊ घातलं होतं.

"आत्या," ती म्हणाली, "तू मला आपल्याकडे आणलंस. आजवर मी तुझे आभार मानलेच नाहीत. मानते."

आत्याने पदर डोळ्यांना लावला. "या बागेत धूळ फार आहे," ती म्हणाली. चहूकडे दव होतं.

सणाला चर्च कसं सजलं होतं म्हणून सांगू. बाजरीची भरदार कणसं, लाल भोपळे, ज्वारीच्या धाटांची कमान, आणि मधे आत्याच्या बागेतली शेवंती, पिवळी पिवळी. रिबका ठिगळांच्या झग्यात उभी राहिली आणि तिने तिचं कडवं म्हटलं. आवाज झऱ्यासारखा निघाला. याकोब मास्तर वाजवायचे क्षणभर थांबले, आणि ते बरंच झालं. गाता गाता रिबकाने खिडकीतून मागे पाहिलं. तिथे मोठमोठ्या पातेल्यांपाशी प्रिसिला आत्या उभी होती. तिच्या हातातला डाव हवेत तसाच होता आणि त्यातून लापशी टपटप खाली गळत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

मग पंगत बसली. सगळी वाडी जेवायला होती आणि वाढायला आत्या होती. आमटीचा पहिला घास घेतला आणि मार्थाकाकूचे डोळेच मिटले. "प्रिसिलाबाई," ती म्हणाली, "तुमचे उपकार आहेत हो." पलीकडून पाळकसाहेब म्हणाले, मास्तर म्हणाले, शाळेतली मुलं म्हणाली. आत्या प्रत्येकाला एवढंच विचारत गेली, "अजून वाढू?" आणि उत्तर यायच्या आत वाढत गेली.

पंगतीच्या अगदी शेवटी, एका पळसाच्या पानाच्या कडेला, लुकलुकी बसली होती. ती फक्त दोघींनाच दिसत होती. आत्याने तिच्यापुढे लापशीचा एक दाणा ठेवला, त्यावर सुईच्या टोकाएवढं तूप. लुकलुकीने दोन्ही हातांनी धरून तो सगळा संपवला.

"आजवर पुष्कळ लोकांना पुष्कळ काही दिलं," ती म्हणाली. "मला जेवायला कोणी विचारलं नव्हतं. आभारी आहे, बाई."

आणि ती उजळू लागली. आधी पंख निळे झाले, मग मोरपंखी, मग सोनेरी. मग सगळी लुकलुकीच एक लखलखता ठिपका झाली, त्याच्यातून प्रकाशाचे इवले इवले कण उडाले, पंगतीवरून, कणसांवरून, माणसांच्या केसांवरून तरंगत गेले आणि दुपारच्या उन्हात मिसळले. लोकांना वाटलं, ढग बाजूला झाला.

"हात न धुताच गेली," आत्या पुटपुटली. पण ती बराच वेळ त्या पानाकडे बघत होती.

रिबकाने सवयीने भाकऱ्यांची टोपली उचलली आणि ती वाढायला निघाली. आत्याने तिच्या हातातून टोपली काढून घेतली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला पंगतीत, मार्थाकाकूच्या शेजारी, बसवलं. पुढ्यात स्वच्छ पुसलेलं पान ठेवलं.

"तू बस," आत्या म्हणाली. "मी वाढते."